दहा दिवसांचा संघ

१ सप्टेंबर २००१ रोजी म्युनिकमध्ये इंग्लंडने जर्मनीला ५-१ असं हरवलं. मायकेल ओवेनचे तीन गोल, जेरार्डचा एक, हेस्कीचा एक. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात, तेही जर्मनांच्या घरात, असा निकाल लागेल असं इंग्लंडमध्येही कोणाला वाटलं नव्हतं. त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा ‘बॅलन डी’ओर’ पुरस्कार ओवेनला मिळाला. बेकहॅम, स्कोल्स, फर्डिनंड, ॲशली कोल त्या रात्री मैदानात होते. लॅम्पार्ड, टेरी आणि रूनी अजून मागून येणार होते. इंग्लिश वर्तमानपत्रं या मुलांना ‘सुवर्णपिढी’ म्हणू लागली आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती.

दहा महिन्यांनी योकोहामाला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला तेव्हा ब्राझीलसमोर जर्मनी उभी होती. इंग्लंड उपांत्यपूर्व फेरीतच ब्राझीलकडून २-१ने हरून घरी गेलं होतं. त्या सामन्यात रोनाल्डिन्योला ५७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. पुढचा अर्धा तास ब्राझीलचे दहाच खेळाडू होते आणि इंग्लंडला एकही धड संधी तयार करता आली नाही. २००४च्या युरो स्पर्धेत पुन्हा उपांत्यपूर्व फेरी, पोर्तुगालकडून पेनल्टींवर हार. २००६च्या विश्वचषकात तीच फेरी, तोच पोर्तुगाल, पुन्हा पेनल्टी. २००८च्या युरोला तर इंग्लंड पात्रच ठरलं नाही.

आणि त्याच २००८ सालच्या मे महिन्यात मॉस्कोत चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी यांच्यात झाला. सुरुवातीच्या बावीस खेळाडूंत दहा इंग्लिश होते. युरोपच्या सर्वांत मोठ्या क्लब सामन्यात दहा जण, आणि अडीच आठवड्यांनी सुरू झालेल्या युरोपच्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत एकही नाही. प्रतिभावान राष्ट्रीय संघ ऐनवेळी का ढेपाळतात, या प्रश्नाचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरीकडे सापडत नाही. खेळाडू तेच, महिना जवळजवळ तोच. बदललं होतं ते फक्त शेजारी कोण उभं आहे हे.

या प्रश्नाचं सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे स्वभाव. अमुक देशाची माणसं दडपणाखाली कोसळतात, त्यांच्यात जिद्द नाही, पैशाने ती सुस्तावली आहेत. इंग्लंडबद्दल हे वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. पण हेच आणि अगदी याच भाषेत स्पेनबद्दलही लिहिलं जायचं. १९६४च्या युरोनंतर चव्वेचाळीस वर्षं स्पेनने काही जिंकलं नव्हतं. उपांत्यपूर्व फेरीत हरणं हा स्पॅनिश फुटबॉलचा स्थायीभाव आहे असं स्पॅनिश लोकही मानत. मग २००८ची युरो, २०१०चा विश्वचषक आणि २०१२ची युरो या तिन्ही स्पर्धा ओळीने स्पेनने जिंकल्या. एखाद्या देशाचा स्वभाव दोन वर्षांत बदलत नाही. म्हणजे स्वभाव हे कारण नसून हरल्यानंतर लावलेलं लेबल आहे, आणि जिंकल्यावर ते कोणालाही आठवत नाही.

दुसरं उत्तर नशीब. ते मात्र मी उडवून लावणार नाही. २०२२पर्यंत विश्वचषक जिंकायला सात सामने खेळावे लागत आणि त्यातले शेवटचे चार बाद फेरीचे असत. १९५४चा हंगेरीचा संघ चार वर्षं हरला नव्हता. साखळीत त्यांनी पश्चिम जर्मनीवर ८-३ असा विजय मिळवला आणि पंधरा दिवसांनी बर्नला अंतिम सामन्यात त्याच जर्मनीकडून ते ३-२ने हरले. त्या संघाने क्षमतेपेक्षा कमी काही केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्पर्धा एकच जण जिंकतो आणि चांगले संघ पाच-सहा असतात. पण नशिबाने एखादा सामना समजावता येतो. आठ वर्षं चाललेली गोष्ट समजावता येत नाही.

माझ्या मते खरं कारण वेळ आहे. हे उत्तर ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून ते नीट उलगडून बघायला हवं.

क्लबचा संघ वर्षाला पन्नासेक सामने खेळतो आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस एकत्र सराव करतो. असं तीन-चार वर्षं चालतं. राष्ट्रीय संघ वर्षातून चार-पाच वेळा, साधारण दहा-दहा दिवसांसाठी जमतो. त्या दहा दिवसांचंही गणित बघा. खेळाडू रविवारी आपापल्या क्लबसाठी खेळून सोमवारी येतात. पहिले एक-दोन दिवस अंग मोकळं करण्यात जातात. मग दोन दिवस सराव, एक सामना, पुन्हा विश्रांती, प्रवास, दुसरा सामना आणि परत. म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती खराखुरा सराव उरतो तो दोन-तीन वेळांचा. मोठ्या स्पर्धेआधी काय ते दोन-तीन आठवडे सलग मिळतात आणि तेव्हा नऊ-दहा महिन्यांच्या मोसमाने खेळाडू दमलेले असतात.

आता यातून काय बिघडतं? सामर्थ्य बिघडत नाही. बेकहॅमचा क्रॉस जिथे पडायचा तिथेच पडतो, रूनीची ताकद कमी होत नाही. म्हणूनच पात्रता फेरीत असे संघ उत्तम चालतात. समोरचा संघ दुबळा असला की एकट्याच्या कौशल्यावर गोल होतात. गाडी अडते ती उपांत्यपूर्व फेरीच्या सुमाराला, कारण तिथला प्रतिस्पर्धी तुमची पहिली चाल बंद करून येतो. लॅम्पार्डला पुढे धावायला जागा देत नाही, ओवेनच्या पुढे मैदान मोकळं सोडत नाही. पहिली चाल बंद झाली की दुसरी, तिसरी शोधावी लागते, आणि ती एकट्याला सापडत नाही. शेजारचा आत्ता कुठे पळेल, चेंडू गेला तर मागे कोण थांबेल, हे न बघता ठाऊक असावं लागतं. हे ज्ञान पायांत नसतं. ते दोन माणसांच्या मधे तयार होतं, आणि ते तयार व्हायला शेकडो तास लागतात. राष्ट्रीय संघाकडे नेमके तेच नसतात.

हे मधल्या फळीत सर्वांत जास्त जाणवतं. म्हणून थोडा वेळ लॅम्पार्ड आणि जेरार्डपाशी थांबू.

२००५च्या ‘बॅलन डी’ओर’मध्ये रोनाल्डिन्यो पहिला आला, लॅम्पार्ड दुसरा आणि जेरार्ड तिसरा. जगातल्या पहिल्या तिघांतले दोघे एका देशाचे! आणि इंग्लंडचं दुर्दैव असं की दोघे एकाच जागेचे. दोघांचीही मोठी ताकद म्हणजे मधल्या फळीतून उशिरा धावत येऊन प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी बॉक्समध्ये घुसणं. ही धाव कधी घ्यायची हे कळणं ही अस्सल प्रतिभा आहे. पण ती धाव घेता येते याला एक अट असते: तुम्ही सोडलेल्या जागेत कोणीतरी थांबलेलं असलं पाहिजे. चेल्सीत लॅम्पार्डच्या मागे क्लोद मॅकेलेले थांबायचा. रेआल माद्रिदने २००३मध्ये त्याला जाऊ दिलं आणि चेल्सीने घेतलं. दोन वर्षांत चेल्सी लीगची विजेती झाली आणि त्या संपूर्ण मोसमात त्यांच्यावर लीगमध्ये फक्त १५ गोल झाले. लॅम्पार्ड मागे वळून बघायचा नाही. बघायची गरजच नव्हती.

जेरार्डचं बघा. २००५ची चॅम्पियन्स लीगची फायनल, इस्तंबूल. मध्यंतराला एसी मिलान ३-० पुढे. काका मधल्या फळीतून हवा तसा पळत होता आणि जेरार्ड त्याच्यामागे बचाव करण्यात अडकला होता. मध्यंतरानंतर लिव्हरपूलने दिटमार हामानला मैदानात आणलं. तोच हामान, जो म्युनिकमध्ये ५-१ने हरलेल्या जर्मन संघात होता. त्याने येऊन डोळ्यांत भरेल असं काही केलं नाही. बचावफळीपुढची जागा अडवून धरली. नऊ मिनिटांनी जेरार्ड मिलानच्या बॉक्समध्ये होता आणि त्याच्या हेडरने पहिला गोल झाला. सहा मिनिटांत ३-३, मग पेनल्टींवर विजय. इस्तंबूलची ती रात्र जेरार्डच्या नावावर लिहिली गेली आणि ते योग्यच आहे. पण तो पुढे जाऊ शकला तो हामान मागे थांबला म्हणून. पुढे लिव्हरपूलने झाबी अलोन्सो आणि माशेरानो या दोघांना त्याच्यामागे ठेवलं.

म्हणजे दोन्ही क्लबांनी आपला हिरा ओळखला आणि त्याला शोभेल असं कोंदण बाहेरून विकत आणलं: एक फ्रेंच, एक जर्मन, एक स्पॅनिश, एक अर्जेंटिनी. राष्ट्रीय संघाला खरेदी करता येत नाही. जे जन्माला आलेत त्यांतूनच निवडावं लागतं. दोन हिरे हाती आहेत आणि सरावाचे दोन दिवस आहेत, अशा वेळी प्रशिक्षकाने काय करावं? स्वेन-गोरान एरिक्सन यांनी दोघांनाही खेळवलं. इंग्लंडच्या सामन्यांत एक ठरावीक चित्र पुन्हा पुन्हा दिसायचं. चेंडू बाजूला गेला की दोघेही पुढे सुटायचे आणि मधोमध मैदान ओस पडायचं. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बघत मागे थांबायचे आणि पुढे ओवेन एकटा पडायचा. दोघांतला कोणीही चुकत नव्हता. दोघेही आपल्या क्लबमध्ये रोज जे बरोबर ठरायचं तेच करत होते.

एक जण वगळणं हा सरळ उपाय होता. तो झाला नाही, आणि का झाला नाही हे समजून घेतलं की प्रतिभावान संघांचं दुखणं कळतं. गुणी खेळाडू मुबलक असले की प्रशिक्षकाचं काम सोपं होतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते अवघड होतं. ज्याच्याकडे एकच मोठा खेळाडू आहे तो त्याच्याभोवती संघ उभारतो. ज्याच्याकडे आठ आहेत त्याला आठांनाही कुठेतरी बसवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळी वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडतात. मग कोणीतरी आपली जागा सोडून भलतीकडे उभा राहतो. २००४च्या युरोत ती पाळी पॉल स्कोल्सवर आली. चेंडू कुठे आणि कधी द्यायचा याची त्याच्याइतकी समज इंग्लंडमध्ये दुसऱ्या कोणाला नव्हती. जेरार्ड आणि लॅम्पार्ड मधे, म्हणून स्कोल्स डाव्या कडेला. स्पर्धा संपल्यावर ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी, त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. मँचेस्टर युनायटेडसाठी तो त्यानंतर २०१३पर्यंत खेळला, मैदानाच्या मध्यभागी.

वेळ कमी असण्याचा आणखी एक परिणाम असतो, तो मैदानाबाहेरचा. फर्डिनंड, जेरार्ड आणि लॅम्पार्ड या तिघांनी निवृत्तीनंतर दूरदर्शनवर एकत्र बसून हे उघडपणे सांगितलं. युनायटेडवाले, लिव्हरपूलवाले, चेल्सीवाले एकमेकांशी मोकळे होत नसत. क्लबांमधली चुरस इतकी तीव्र होती की राष्ट्रीय शिबिरातही ती मिटत नसे. फर्डिनंडने तर त्या पिढीच्या अपयशाचं खापर मुख्यतः यावरच फोडलं. आपल्याकडे ज्यांनी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वर्षभर ज्याच्याशी ईर्ष्येने खेळलो त्याच्या गळ्यात दहा दिवसांत हात टाकता येत नाही. माझ्या मते हे मूळ कारण नाही, पण मूळ कारणाचंच दुसरं रूप आहे. सहवास कमी असला की मैत्रीही कच्ची राहते आणि पासही.

आता २१ नोव्हेंबर २००७ची वेम्बलीतली रात्र. पाऊस पडत होता. युरोला पात्र ठरायला इंग्लंडला क्रोएशियाविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती. टेरी, फर्डिनंड, रूनी, ओवेन यांपैकी कोणी नव्हतं, हे खरं. चौदा मिनिटांत क्रोएशियाने दोन गोल केले. मध्यंतराला प्रशिक्षक मॅकलारेन यांनी मधल्या फळीत मागे थांबणाऱ्या गॅरेथ बॅरीला काढून आघाडीवीर डीफोला आणलं, आणि बेकहॅमलाही उतरवलं. दोन गोलांनी मागे असताना हे बरोबरच होतं. लॅम्पार्डने पेनल्टीवर एक गोल केला, बेकहॅमच्या क्रॉसवर क्राउचने दुसरा. २-२. आता काहीच करायची गरज नव्हती. खेळ थंड करून पंचवीस मिनिटं काढायची होती. पण त्यासाठी बचावफळीपुढे उभा राहणारा माणूस बाकावर बसला होता, आणि मैदानात जे होते त्यांच्यातला कोणीही आपणहून ती जागा घेणारा नव्हता. ७७व्या मिनिटाला म्लादेन पेट्रिचला बॉक्सच्या बाहेर चेंडू मिळाला. त्याच्या अंगावर वेळेत कोणी गेलं नाही. त्याने डाव्या पायाने मारलं आणि ३-२ झालं. दुसऱ्या दिवशी मॅकलारेन यांची नोकरी गेली. तो गोल मी अनेकदा पाहिला आहे. प्रत्येक वेळी नजर पेट्रिचवरून हटून त्याच्यासमोरच्या मोकळ्या गवताकडे जाते.

याच्या उलट २००६चा पोर्तुगालविरुद्धचा सामना. रूनीला ६२व्या मिनिटाला लाल कार्ड दाखवलं गेलं आणि पुढचा जवळजवळ एक तास इंग्लंड दहा जणांनिशी खेळलं. त्या तासाभरात ते त्या स्पर्धेतलं सर्वांत चांगलं खेळले. कारण आता सगळ्यांना बसवण्याचा प्रश्न उरला नव्हता. जो तो दुसऱ्याची जागा भरत होता. सर्वांत उठून दिसला ओवेन हारग्रीव्ज, ज्याला तोवर प्रेक्षकांनी कधी फारसं आपलं मानलं नव्हतं. मागे थांबणारा, पळणारा, अडवणारा. पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंडकडून गोल करणाराही तो एकटाच. त्या वर्षी इंग्लिश चाहत्यांनी त्यालाच वर्षातला सर्वोत्तम इंग्लिश खेळाडू निवडलं. जे संघाला आठ वर्षं हवं होतं ते डोळ्यांसमोर होतं.

वेळेचा मुद्दा मान्य केला की एक शंका येते. वेळ तर सगळ्याच राष्ट्रीय संघांना कमी असतो. मग फटका प्रतिभावानांनाच का? कारण दहा दिवसांत काही गोष्टी शिकवता येतात आणि काही येत नाहीत. बचाव शिकवता येतो. दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, कोणी कोणाला अडवायचं, कॉर्नरला कुठे उभं राहायचं, हे फळ्यावर काढून दाखवता येतं आणि चार दिवसांत अंगवळणी पडतं. हल्ला रचणं, त्यातही जागा मिळत नसताना रचणं, हे असं शिकवता येत नाही. कमी प्रतिभेचा संघ आपल्याकडे काय नाही हे जाणून जे शिकता येतं तेवढंच निवडतो. ग्रीसने २००४मध्ये हेच केलं. त्याआधी मोठ्या स्पर्धेत एकही सामना न जिंकलेल्या या देशाला ओटो रेहागेल यांनी बचाव आणि हेडर एवढ्यावर युरोप जिंकून दिला. फ्रान्स, झेक प्रजासत्ताक आणि पोर्तुगाल, तिन्ही वेळा १-०. ज्या पोर्तुगालला त्यांनी अंतिम सामन्यात लिस्बनमध्ये हरवलं, त्याच्याकडे फिगो होता, रुई कोस्टा होता, तरुण रोनाल्डो होता.

२०२२मध्ये मोरोक्कोने तर वेळेच्या या सिद्धांताची परीक्षाच घेतली. वालिद रेग्रागी यांची नेमणूक विश्वचषकाच्या जेमतेम तीन महिने आधी झाली, आणि संघ उपांत्य फेरीत पोहोचला. तोवरच्या पाच सामन्यांत त्यांच्यावर एकच गोल झाला, तोही स्वतःच्याच खेळाडूकडून. मला यात विरोध दिसत नाही. रेग्रागी यांनी तीन महिन्यांत जे शिकवता येईल तेच शिकवायला घेतलं, आणि हकीमी, झियेश यांच्यासारख्या मोठ्या क्लबांत खेळलेल्यांनी ते मान खाली घालून केलं. प्रतिभावान संघाला असं लहान ध्येय ठेवू देत नाहीत. लॅम्पार्ड, जेरार्ड, रूनी हाताशी असताना बचाव करून १-० जिंकलं तर देश नाक मुरडतो.

तरीही प्रतिभा आणि विजय यांची गाठ पडते, आणि ती कशी पडते हे बघण्यासारखं आहे. एक मार्ग म्हणजे वेळ क्लबकडून उसना घेणं. १९७४च्या विजेत्या पश्चिम जर्मनीच्या अंतिम सामन्यातल्या अकरांत सहा जण बायर्न म्युनिकचे होते. १९८२च्या इटलीत सहा युव्हेंटसचे. हंगेरीने तर सरकारी हुकमानेच हे घडवलं: पुश्काश, बोझिक, कोचिश यांच्यासारखे खेळाडू होनवेद या लष्कराच्या क्लबात एकत्र आणले गेले. २०१०च्या अंतिम सामन्यात स्पेनकडून पिके, पुयोल, बुस्केट्स, झावी, इनिएस्टा आणि पेद्रो उतरले. सहाही बार्सिलोनाचे, आणि सहाही तिथल्याच अकादमीत वाढलेले. झावीने चेंडू घेण्याआधीच बुस्केट्स कुठे उभा राहणार हे त्याला ठाऊक असायचं, कारण आदल्या दोन वर्षांत ते हे रोज करत आले होते. त्यांच्या प्रशिक्षकाला हे शिकवावं लागलं नाही. आयतं मिळालं. इंग्लंडची सुवर्णपिढी मात्र तीन-चार क्लबांत विखुरलेली होती आणि प्रत्येक क्लबात कोंदण परदेशी होतं.

पण स्पेनचं यश बार्सिलोनाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. त्याआधी तेव्हाचे प्रशिक्षक लुईस आरागोनेस यांनी एक काम केलं होतं. २००६च्या शरद ऋतूत त्यांनी राऊलला वगळलं. राऊल साधा खेळाडू नव्हता. रेआल माद्रिदचा कर्णधार, १०२ सामने, ४४ गोल, तेव्हाचा स्पेनचा सर्वाधिक गोल करणारा. देशभर काहूर उठलं. दोन वर्षं रोज कोणीतरी विचारायचं, राऊल का नाही? आरागोनेस बधले नाहीत. झावी, इनिएस्टा, सिल्वा यांच्याभोवती त्यांनी संघ बांधला आणि त्यांच्यामागे व्हियारेआलचा मार्कोस सेन्ना ठेवला. जन्माने ब्राझिलियन, नावाने कोणाला फारसा ठाऊक नसलेला. स्पेनने २००८ची युरो जिंकली तेव्हा जाणकारांनी सेन्नाचं नाव आधी घेतलं.

अर्जेंटिनाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी २०२२च्या विश्वचषकात हेच आठ दिवसांत केलं. सौदी अरेबियाकडून अर्जेंटिना २-१ने हरलं. तिसऱ्या सामन्यापर्यंत मुख्य आघाडीवीर लौतारो मार्तिनेस आणि अनुभवी परेदेस बाहेर बसले होते. एन्सो फर्नांडेस, मॅकॲलिस्टर आणि हुलियान आल्वारेस आत आले होते. मेस्सीभोवती पळणारी, त्याची जागा भरणारी मुलं. मेस्सी २०१४, २०१५, २०१६ अशा तीन अंतिम सामन्यांत हरला तेव्हाही तो मेस्सीच होता.

इंग्लंडलाही पुढे हे उमगलं. २०१८च्या विश्वचषकात गॅरेथ साउथगेट यांनी तरुण संघ नेला आणि जे शिकवता येतं त्यावर भर दिला: त्यांच्या १२ गोलांपैकी ९ कॉर्नर, फ्री किक आणि पेनल्टीवरचे. उपांत्य फेरी गाठली. त्याच वेळी खाली मुलांच्या संघांचं काम चालू होतं. २०१७चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्याचा इंग्लंड-अमेरिका उपांत्यपूर्व सामना मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाला आणि इंग्लंडने तो ४-१ने जिंकला. ज्या गोंयकारांनी तो पाहिला, त्यांनी फिल फोडेन आणि मार्क गेही असलेला संघ पाहिला. पुढे कोलकात्यात स्पेनला ५-२ने हरवून ती मुलं जगज्जेती झाली. जेडन सांचो मात्र साखळीनंतर संघात नव्हता. त्याच्या जर्मन क्लबने त्याला तेवढ्यापुरताच पाठवलं होतं. वेळेची ओढाताण सतराव्या वर्षापासूनच सुरू होते.

मग २०२४ची युरो. फोडेन, बेलिंगहॅम, साका, पामर, केन. पुन्हा नावांची रेलचेल, पुन्हा सगळ्यांना बसवण्याचा आग्रह. मँचेस्टर सिटीत मधून खेळणारा फोडेन इंग्लंडसाठी डावीकडे उभा राहिला, स्कोल्सनंतर बरोबर वीस वर्षांनी. इंग्लंड अडखळत का होईना अंतिम सामन्यात पोहोचलं, त्याचं श्रेय साउथगेट यांनी स्पर्धेत केलेल्या दुरुस्त्यांना आहे. पण बर्लिनमध्ये समोर जो स्पेन होता, त्याने वेळेचा प्रश्न तिसऱ्याच पद्धतीने सोडवला होता. प्रशिक्षक लुईस दे ला फुएंते यांच्यामागे मोठ्या क्लबचं नाव नव्हतं. त्यांनी वर्षानुवर्षं स्पेनची मुलं घडवली होती: २०१५ची १९ वर्षांखालील युरो त्यांनी रोद्री आणि मेरिनोसह जिंकली, २०१९ची २१ वर्षांखालील युरो फाबियान, ओल्मो आणि ओयार्साबालसह. जे तास क्लबकडून मिळत नव्हते ते त्यांनी या मुलांच्या पोरवयातच जमा करून ठेवले होते.

अंतिम सामन्याच्या मध्यंतराला रोद्री जखमी होऊन बाहेर गेला. त्या वर्षीचा ‘बॅलन डी’ओर’ पुढे त्यालाच मिळाला, म्हणजे जगातला सर्वोत्तम खेळाडू फायनलच्या मधोमध गमावला. त्याच्या जागी सुबिमेंदी आला, तोही दे ला फुएंते यांच्या २१ वर्षांखालील संघातून वर आलेला. रचनेत काही हललं नाही. दोन मिनिटांत स्पेनने पहिला गोल केला. पामरने बरोबरी साधली, ८६व्या मिनिटाला ओयार्साबालने विजयी गोल केला.

इंग्लंडच्या सुवर्णपिढीबद्दल माझं मत असं: ती पिढी फुगवलेली नव्हती आणि भित्रीही नव्हती. लॅम्पार्ड १०६ सामने खेळला, जेरार्ड ११४. दोघांनीही देशासाठी जीव तोडला. त्यांना कमी पडला तो एक प्रशिक्षक, जो त्यांच्यातल्या एकाला बाकावर बसवून मागे थांबणाऱ्या हारग्रीव्जला किंवा कॅरिकला कायमची जागा देईल. आणि कमी पडला असा देश, जो त्या प्रशिक्षकाला तसं करू देईल. पुढच्या मोठ्या स्पर्धेला संघ जाहीर होतील तेव्हा नावं आणि त्यांच्या किमती बघून अंदाज बांधू नका. त्यांतले किती जण एकमेकांबरोबर वाढलेत आणि बचावफळीपुढे कोण थांबणार आहे, ते आधी शोधा. आणि तुमच्या आवडत्या संघाच्या प्रशिक्षकाने तुमचा आवडता खेळाडू वगळला, तर त्याच्यावर तुटून पडण्याआधी राऊलला वगळलेल्या आरागोनेस यांना आठवा.